सगळं ऐकतो, फक्त ‘ते’ सोडून

(सोलापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

आत्ता ओळख करून देताना मला भजनी परंपरेतला पेटीवाला म्हटलं गेलं. त्यात संयोजकांची चूक नाही, ही माहिती मीच दिली होती. पण ती अर्धी आहे. भजनात मी पुष्कळ वाजवलं, हे खरं. माझी बोटं धरून ती पट्ट्यांवर ज्यांनी ठेवली, ते मात्र मोडनिंबला संगीत बारीत, म्हणजे बायकांच्या लावणीच्या फडात, पेटी वाजवायचे. सुट्टीला आत्याकडं जायचो, तिथं गाठ पडली. वडील गिरणीत कामाला. पोरगं पेटी शिकतंय याचंच त्यांना कौतुक. कुणाकडं शिकतंय हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुढं शाळेत संगीत शिक्षकाच्या मुलाखतीला गेलो. ‘गुरू कोण?’ असा प्रश्न आला आणि आमच्या गल्लीतल्या भजनी बुवांचं नाव सांगून मी मोकळा झालो. नोकरी लागली. तीस वर्षं तेच सांगत राहिलो.

म्हणजे ‘संगीतातली नावड’ या आजच्या विषयाला वक्ता अगदी बरोबर बोलावलाय तुम्ही. (हशा)

आवड विचारली की बहुतेक लोक म्हणतात, ‘आपण सगळं ऐकतो ओ.’ मग जरा थांबून, ‘फक्त ते सोडून.’ या ‘ते’कडं कान द्यावा. कुणाचं ‘ते’ म्हणजे लावणी, कुणाचं कव्वाली, कुणाचं डॉल्बीवरची गाणी. शहरात राहून आपल्याच पूर्व भागातल्या वरातीत वाजणाऱ्या तेलुगू गाण्यांना नाक मुरडणारेही मी पाहिलेत. आणि इंग्रजी शाळेतल्या पोरांचं ‘ते’ म्हणजे आजोबांचं भजन.

अमेरिकेत बेथनी ब्रायसन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी नेमकं हेच तपासलं. १९९३ च्या तिथल्या एका मोठ्या सर्वेक्षणात लोकांना अठरा प्रकारच्या संगीताबद्दल विचारलं होतं. बाईंनी आवडी मोजल्या नाहीत, नावडी मोजल्या. १९९६ साली त्यांनी जे मांडलं ते असं: जास्त शिकलेली माणसं एकंदरीत कमी प्रकार नाकारतात. वाटतं, मन मोठं झालं. पण जे थोडे प्रकार ते नाकारतात, ते बरोबर कमी शिकलेल्यांच्या आवडीचे निघतात. हेवी मेटल, रॅप, कंट्री म्हणजे तिथलं गावाकडचं गाणं, गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भजनं. आपल्याकडची नावं तुम्हीच त्या जागी घाला. मी घातली आणि मुलाखतीतला मीच मला दिसलो.

आपल्या गावात तर याचं उदाहरण घरचंच आहे. राम जोशी सोलापूरचे. उत्तर पेशवाईतले. पुराण-कीर्तनाचं ब्राह्मण घर, थोरले बंधू मुद्गल पुराणिक, आणि हे रमले तमाशात. भावानं घराबाहेर काढलं, असं सांगतात. मग पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकले आणि परत आले ते पुन्हा लावणीकडंच. मराठी, कानडी, हिंदुस्थानी, संस्कृत एकाच रचनेत गुंफणारा हा माणूस. आज आपण त्यांचं नाव अभिमानानं घेतो. दोनशे वर्षं मध्ये गेली की लावणीही अभ्यासक्रमात बसते. कालच्या मोडनिंबची बसत नाही.

आता माझ्या पेटीची गंमत सांगतो. १९४० च्या मार्चपासून तीसएक वर्षं आकाशवाणीवर पेटीच्या साथीला बंदी होती. वाद्य परदेशी, सूर ठरलेले, मींड निघत नाही, असे आक्षेप होते. पेटीवाला असून सांगतो, मींड निघत नाही हे खरं आहे! सा वरून रे वर जाताना गळा मधल्या सगळ्या वाटेनं जातो. पेटी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर पाय टाकते. बंदी मला पटत नाही. पण ही तक्रार कानाची होती. ती वाजवून दाखवता येते, खोडून काढता येते. स्वातंत्र्याच्या आसपास त्याच आकाशवाणीनं ज्यांच्या खाजगी आयुष्याचा बोभाटा आहे अशा गायिकांनाही दार बंद केलं. आता ही तक्रार कुठल्या सुराची? पेटीची चूक मी दाखवू शकतो. त्या बायकांची चूक कुठल्या पट्टीवर दाखवू?

पुढं १९५२ पासून बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरच्या सिनेमाच्या गाण्यांवर गदा आली. लोकांनी काटा रेडिओ सिलोनवर नेला, तिथं ती गाणी लागायची. १९५७ साली सरकारला विविध भारती काढावी लागली. ते असो.

हलगीचं बोलायला हवं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघतात, हलगी कडाडते, आपल्या अंगावर काटा येतो. तोच हलगीवाला लग्नात आला की मांडवाबाहेर उभा. त्याचं ताट वेगळं, तेही शेवटी. मी हे पाहिलंय, त्या पंगतीत मी आत बसलो होतो. ठेका तोच, कातडं तेच. आवाज आवडायचा, वाजवणारा नको असायचा. याला संगीताची आवड-निवड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, डॉल्बीचं काय? मलाही सोसत नाही. छातीत धडधडतं, म्हाताऱ्यांचे, आजाऱ्यांचे हाल होतात. २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मीटर लावा, तक्रार करा, मी सही करतो. परवा एका तक्रारअर्जावर माझी सही मागायला आले. अर्जात डेसिबलचा एक शब्द नव्हता. ‘हिडीस गाणी’, ‘टुकार पोरं’ एवढंच. मी विचारलं, स्पीकरच्या त्याच भिंतीवर अभंग लावला तर चालेल का? त्यांना राग आला. सही राहिली ती राहिलीच.

नातवानं मध्यंतरी त्याचं एक रॅप ऐकवलं. खोटं कशाला सांगू, आवडलं नाही. पण दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. पोरगं बोलता बोलता शब्द मात्रेच्या जरा मागं टाकत होतं आणि समेला, तालाच्या पहिल्या मात्रेला, बरोबर सापडत होतं. बारीत जुन्या बायका हेच करायच्या. चाल मात्र मला तिथं एकाच जागी अडकलेली वाटली. नातू म्हणाला, ‘आजोबा, चालीसाठी ऐकतच नाही आम्ही ते.’ यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पेटी मागवून ठेवली आहे. मोडनिंबच्या गुरुजींनी दिलेली पहिली चाल वाजवतो, पिलू रागातली बैठकीची लावणी. शाळेत तीस वर्षं मी ती मुलांना ‘ठुमरी’ म्हणून शिकवली. पट्टी त्यांचीच ठेवतो, बायकांच्या गळ्याची, काळी चार. तबला नाहीये. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी टेबलावर ठेका धरा.