चोडणचे दोन तुकडे
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: रायबंदरचा धक्का. फेरीबोट सुटते. मांडवीचं पाणी, पलीकडे खारफुटी.]

रायबंदरहून फेरीबोट सुटली की थोड्याच वेळात चोडण येतं. बेटाच्या कडेनं मातीचा बांध आहे आणि बांधाच्या आत खाजन शेती. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात मानस बसवलेली असते. तिचं लाकडी दार भरतीच्या दाबानं आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं. बांध कशानं फुटतो असं विचारलं तर आपण वादळ म्हणू. इथली जुनी माणसं कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ दाखवतात. बोटभर बीळ वेळेत बुजवलं नाही, तर पाणीच ते रुंद करत जातं.

बांधापासून हाकेच्या अंतरावर एक मुलगी राहते. दिवसा पणजीत नोकरी करते आणि रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली बिळं शोधते. आपलं नाव नको, काम दाखवा, असं ती म्हणाली.

[दृश्य: वाचनालयाचं लाकडी कपाट. जुन्या वह्या. मग लॅपटॉपचा पडदा.]

सुरुवात गावच्या वाचनालयापासून झाली. देणगीदारांची गावं जुन्या वह्यांत लिहिलेली होती, त्यांची सूची करायची होती. तिनं पायथनमध्ये चार ओळींचा प्रोग्राम लिहिला: मजकूर घे आणि त्यातले शब्द वेगळे कर. शब्द ओळखण्यासाठी पायथनमध्ये एक खूण ठरलेली आहे, बॅकस्लॅश डब्ल्यू. तीच तिनं वापरली.

पडद्यावर काय आलं ते पाहा. चोडणचे दोन तुकडे, 'च' आणि 'डण'. दिवाडीचे तीन, 'द', 'व', 'ड'. पणजीची वेलांटी गळून 'पणज' राहिलं. रायबंदरचं झालं 'र', 'यब', 'दर'.

कारण समजून घेण्यासारखं आहे. आपण 'चो' एका दमात लिहितो, पण संगणकात युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या तक्त्यानुसार 'च' वेगळा साठवला जातो आणि ओकाराचं चिन्ह वेगळं. 'च'ची नोंद अक्षर म्हणून आहे, ओकाराची जोडचिन्ह म्हणून. बॅकस्लॅश डब्ल्यू फक्त अक्षरं, अंक आणि अधोरेषा ओळखतो. मात्रा आली की त्याच्या लेखी शब्द संपला. अनुस्वाराचं आणि हलन्ताचंही तसंच.

आणि हीच भाषा दुसरीकडे देवनागरीला किती सहज सामावून घेते! पायथन ३ मध्ये चलाचं, म्हणजे किंमत साठवायच्या जागेचं, नाव 'गोवा' ठेवा, चालतं. देवनागरीत लिहिलेला '१२३' हा मजकूर संख्येत बदलायला सांगा, बिनचूक एकशे तेवीस होतो. पण 'गोवा' या शब्दात सगळी अक्षरंच आहेत ना, असं ते तपासणाऱ्या 'इजअल्फा' या आज्ञेला विचारलं तर उत्तर येतं, नाही. एकाच घरातले हे दोन नियम. मला स्वतःला हे फार लागतं. ज्यांची लिपी मात्रांवर उभी आहे, त्यांनाच हे बोचणार, आणि त्यांनीच ते बोलून दाखवायला हवं.

मग एका रात्रीत दुरुस्त का करत नाहीत? कारण बॅकस्लॅश डब्ल्यू असं वागेल हे अधिकृत दस्तऐवजात लिहिलेलं आहे, आणि त्या वागण्यावर जगभरातले प्रोग्राम उभे आहेत. एक बीळ बुजवताना दुसरीकडची माती हलते. २०२२ च्या सप्टेंबरात पायथननं आकड्यांच्या मजकुरावर मर्यादा घातली: दशमान पद्धतीतल्या ४३०० हून जास्त अंकांचा मजकूर संख्येत बदलायला नकार. अवाढव्य आकडा पाठवून कुणी सर्व्हर अडकवून ठेवू नये, हे त्यामागचं कारण, आणि ते रास्तच होतं. पण ज्यांचं कामच प्रचंड संख्यांचं, त्यांचे प्रोग्राम त्या दिवशी अडले.

चोडणच्या मुलीनं आपल्या सूचीसाठी 'रेजेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, घेतलं. ते मात्रा शब्दातच धरतं. सूचीचं काम झालं, पण ती तिथं थांबली नाही. भाषेच्या आत काय चालतं ते पाहायला तिनं मूळ कोडच उतरवून घेतला.

[दृश्य: पाऊस. वीज जाते. इन्व्हर्टरचा दिवा. पडद्यावर सी भाषेतल्या ओळी.]

पायथन गीदो वान रोसम यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे ठेवली. तिचा गाभा सी भाषेत लिहिलेला आहे. तिथं प्रत्येक वस्तूबरोबर, म्हणजे आकडा, शब्द, यादी अशा कशाहीबरोबर, एक मोजणी असते: ही वस्तू सध्या किती जणांच्या हातात आहे. कुणी उचलली की एक वाढवायचा, ठेवली की एक कमी करायचा. शून्यावर आली की जागा मोकळी.

सगळं सुरळीत असतं तेव्हा हा हिशेब चुकत नाही. चुकतो तो गडबडीच्या वाटेवर. फाइल उघडली नाही, मेमरी मिळाली नाही, म्हणून फंक्शन अर्ध्यातून परत फिरलं आणि हातातली वस्तू खाली ठेवायची राहिली. मोजणी एकावर अडकली. ती जागा आता सुटत नाही. एकदा घडलं तर कुणाला कळतही नाही. महिनोन् महिने चालणाऱ्या सर्व्हरवर तेच लाख वेळा घडलं की मशीन धापा टाकायला लागतं. अशी गळती शोधायला तीच टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा छोटा प्रोग्राम, पुन्हा पुन्हा चालवतात आणि मोजणी दर फेरीला चढते का ते बघतात. दुरुस्ती बहुतेकदा एका ओळीची असते. अशाच एका गळतीत ती ओळ कुठे घालायची हे कळायला तिला चार रात्री लागल्या.

ओळ सापडली म्हणजे काम संपलं असं नाही. आधी चूक पकडणारी टेस्ट लिहायची. मग दुरुस्ती, बदलाची छोटी नोंद, आणि गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती. लिनक्स, विंडोज, मॅकओएस, सगळीकडे टेस्ट चालतात. मग कुणीतरी अनुभवी माणूस ओळ न् ओळ वाचतो. मान्य झालं की मुख्य शाखेत, म्हणजे भाषेच्या चालू कोडमध्ये, जातं, आणि गरज असेल तर जुन्या आवृत्त्यांतही उतरवलं जातं. नवी मोठी आवृत्ती २०२० पासून दर ऑक्टोबरला येते. मधल्या काळात साधारण दोन-दोन महिन्यांनी येतात त्या नुसत्या दुरुस्त्यांच्या आवृत्त्या. त्यांच्या बातम्या होत नाहीत.

वाचणारी माणसं कमी, रांग मोठी. म्हणून २०२१ मध्ये या भाषेचा सांभाळ करणाऱ्या पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशननं याच कामासाठी लुकाश लांगा यांना पगारावर नेमलं. बाकी बहुतेक जण आपल्या फावल्या वेळात हे करतात.

[दृश्य: शाळेतली संगणक खोली. मुलं टाइप करताहेत.]

हे काम पोचतं कुठं, ते या खोलीत दिसतं. मुलगा कंस उघडतो आणि मिटायला विसरतो. पूर्वी पायथन पुढच्याच ओळीवर बोट ठेवायची आणि नुसतं 'वाक्यरचना चुकली' म्हणायची. पोरगं बिनचुकीच्या ओळीकडे बघत बसायचं. २०२१ मधल्या ३.१० आवृत्तीपासून ती सरळ सांगते: हा कंस मिटलेलाच नाही. कुणीतरी, कुठंतरी बसून, शिकणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून ते वाक्य सुधारलं.

[दृश्य: वाचनालय. संध्याकाळ. टेबलावर छापील सूची.]

सूची छापून आली आहे. चोडण, दिवाडी, रायबंदर, सगळी गावं अखंड. वाचनालयाचे काका चष्मा सरसावून एकेका नावावर बोट फिरवतात.

"बाय, ह्यात मये खंय?"

ती वही मागून घेते, पान शोधते. मये तिथं आहे, शाईनं लिहिलेलं, पुढच्या शब्दाला चिकटलेलं. ती लॅपटॉप उघडते आणि आधी टेस्ट लिहायला घेते.