पोतं फोडण्याआधी पेला

(दृश्य: कृष्णाकाठचं शिवार. बांधाच्या अलीकडं पुरुषभर ऊस, पलीकडं पांढुरकं पडीक रान.)

सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात हे चित्र नवं नाही. काळी खोल जमीन, उपशाचं मुबलक पाणी, आणि निचऱ्याच्या नावानं शंख. खालचं पाणी वर चढलं, उन्हानं उडालं, क्षार तेवढे मागं राहिले.

अशा रानाला पहिला सल्ला मिळतो, 'जिप्सम टाका.' म्हणजे कॅल्शियमयुक्त खनिजाची पावडर. थांबा. आधी काचेचा पेला आणा.

(दृश्य: पेल्यात पावसाचं पाणी. बोराएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडलं जातं.)

ढवळायचं नाही. ढेकूळ विरून तळाला बसलं, वर पाणी नितळ राहिलं, तर ठीक. भोवती दुधाळ वलय पसरलं आणि तासन्‌तास निवळेना, तर जमीन चोपण होतेय. सोडियमनं मातीचे कण सुटे केलेत. जिप्सम हिच्याचसाठी: त्यातलं कॅल्शियम सोडियमला उठवून त्याच्या जागी बसतं.

नुसत्या खारवट जमिनीचं दुखणं वेगळं. तिला जिप्सम नको; चांगलं पाणी आणि निचरा हवा. दोन्ही दोष एकत्र असले तर पेलाही फसवतो, म्हणून माती परीक्षण चुकवू नका. क्षारता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, तर खारवट. सामू (pH) 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम 15 टक्क्यांच्या वर, तर चोपण.

आता पोत्यावर न छापलेला हिशेब. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे एकरी एक टन विरघळवायला साधारण चार इंच पाणी. चर नसेल तर ते जाणार कुठं?

मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकल्यावर ती फसफसली, तर चुनखडी आहे. तिथं गंधकही चालतं. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि जमिनीतल्याच चुन्यातलं कॅल्शियम मोकळं होतं. घाई असलेल्याचं हे काम नव्हे.

साखर कारखान्याची मळी (रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) घेताना रस शुद्ध करायची प्रक्रिया कुठली ते विचारा. कार्बोनेशनच्या मळीत चुनाच जास्त, तो जिप्समचं काम करत नाही. धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक मात्र फुलोऱ्याआधीच, कोवळं असताना गाडा.

(दृश्य: चराच्या तोंडाशी छिद्रयुक्त पाइप, त्यातून बारीक धार.)

या धारेची क्षारता मोजा आणि शेजारच्या विहिरीचीही. धारेची जास्त भरली, तर क्षार रानाबाहेर निघालेत.