सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालला असं नाही

मंडळी, नवीन कॉम्प्युटर जुळवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "सॉकेट कुठलं?" सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची, थोडक्यात बोर्डावरची, प्रोसेसर बसवायची जागा. प्रश्न बरोबरच आहे, पण चौकशी बहुतेक वेळा तिथेच थांबते आणि पुढचा घोळ होतो.

इंटेलच्या एलजीए ११५१ चं उदाहरण घ्या. सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर या सॉकेटचे. २०१७ साली आठवी पिढी आली, तिचंही सॉकेट ११५१च. प्रोसेसर जुन्या बोर्डात व्यवस्थित बसायचा, पण कॉम्प्युटर सुरू व्हायचा नाही, कारण वीजपुरवठ्यासाठीच्या पिनांची वाटणी बदलली होती. आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेटच लागायचा. चिपसेट म्हणजे प्रोसेसर आणि बाकीचे भाग यांना जोडणारी बोर्डावरची चिप. म्हणून सॉकेटच्या जोडीला चिपसेट बघायचा.

आता एएमडीकडे या. एएम४ सॉकेट बरीच वर्षं चाललं. २०१७ मधल्या एक्स३७० चिपसेटच्या बोर्डांवर रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालवायची अधिकृत सोय २०२२ मध्ये झाली, तीही नव्या बायोसमुळे (बायोस म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर). बोर्ड तोच, सॉकेट तेच. बदललं ते फक्त आतलं सॉफ्टवेअर. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचा ६०० मालिकेचा बोर्ड घेतलात आणि त्यावर चौदाव्या पिढीचा प्रोसेसर लावलात, तर जोडी अधिकृतपणे जुळते. पण बोर्ड कारखान्यातून जुन्या बायोससह निघाला असेल, तर पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील. माणूस रॅम काढून घालतो, केबली हलवतो, आणि प्रोसेसर खराब निघाला म्हणून परत करायला निघतो.

यावर उपाय अगदी साधा आहे. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रत्येक मॉडेलची 'सीपीयू सपोर्ट'ची यादी असते. तीत आपल्या प्रोसेसरचं पूर्ण नाव शोधा, शेवटच्या अक्षरासकट, आणि त्याच ओळीत डोळा उजवीकडे न्या. तिथे कुठल्या बायोसपासून तो चालतो ते लिहिलेलं असतं. तो आकडा विक्रेत्याला सांगा, तेवढी बायोस टाकूनच बोर्ड द्या म्हणा. काही बोर्डांना मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं. पेनड्राइव्हवर फाइल घेऊन, प्रोसेसर न लावताही बायोस बदलता येते. दोन बोर्डांमध्ये मन डळमळत असेल, तर मी डोळे मिटून हे बटण असलेला घेईन.

ते शेवटचं अक्षर म्हणताय? इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड घ्यावंच लागेल. 'के' असेल तर ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं, जमतं, पण त्यासाठी बोर्ड नावात झेड असलेल्या चिपसेटचा हवा. बी७६० चिपसेटच्या बोर्डावर 'के' लावला तरी चालतो. त्या 'के'चे जादा पैसे मात्र बरेचसे वाया.

रॅमचं थोडक्यात. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ प्रकारची रॅम. एलजीए १७०० वर बोर्डागणिक डीडीआर४ किंवा डीडीआर५, त्यामुळे बोर्डाचं पूर्ण नाव वाचा. दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका.

आणि वीज. कोअर आय९-१४९००के हा ताणाखाली २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो. स्वस्तातल्या एच६१० बोर्डाच्या यादीत त्याचं नाव दिसेलही, आणि तो सुरूही होईल. पण त्या बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, म्हणजे व्हीआरएम, बहुधा बेताचाच असतो. त्यावर हीटसिंकसुद्धा (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसेल, तर व्हिडिओ रेंडरसारख्या लांबलेल्या कामात तो तापतो आणि प्रोसेसरचा वेग खाली येतो. महागड्या प्रोसेसरकडून मधल्या प्रोसेसरचं काम मिळतं. अशा वेळी मी प्रोसेसर एक पायरी खालचा घेईन आणि उरलेले पैसे बोर्डावर घालीन.