गळ टाकण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारी सकाळी पानशेतच्या रस्त्याला लागलात तर खडकवासल्याच्या पुढे, पाणी दिसू लागलं की काठ्या घेऊन बसलेली मंडळी हमखास दिसतात. कुणी निवृत्त गृहस्थ असतात, कुणी हिंजवडीतून आठवड्याचा शीण घालवायला आलेली पोरं. पाण्याकडे बघत तास-दोन तास गप्प बसणारी माणसं आपल्या पुण्यात वाढताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. या मंडळींचा नेहमीचा प्रश्न असतो, "हौसेने गळ टाकायला परवाना लागतो का हो?"

परवानगी लागते. ती कुणाकडून घ्यायची, हे मात्र पाण्यागणिक बदलतं.

मासेमारी हा आपल्याकडे राज्याचा विषय. महाराष्ट्राचा मत्स्यव्यवसाय कायदा 1960 सालचा आहे आणि जिल्ह्याचं काम मत्स्यव्यवसाय विभागाचे सहायक आयुक्त पाहतात. धरण जलसंपदा विभागाचं असलं, तरी त्यातली मासेमारी ठेक्याने दिलेली असते आणि पुष्कळ जलाशयांवर हा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेचे सभासद त्याची रक्कम भरतात, मत्स्यबीज विकत आणतात आणि पाण्यात सोडतात. बोटाएवढी झालेली पिल्लं, म्हणजे बोटुकली, पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत येतात. वर प्राणवायू भरून पिशवीचं तोंड घट्ट बांधलेलं असतं. ती लगेच फोडत नाहीत. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं होईपर्यंत तशीच जलाशयात तरंगत ठेवतात, मग तोंड सोडतात.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. कटला, रोहू, मृगळ हे मासे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणजे तुमच्या गळाला लागलेला दोन किलोचा कटला बहुधा कुणीतरी पदरचे पैसे घालून सोडलेला असतो. "धरणातले मासे, ते कुणाच्या बापाचे?" असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. त्या माशामागे काठावरच्या गावातल्या भोई कुटुंबांची वर्षाची मेहनत असते.

म्हणून पहिलं काम एवढंच करा. काठावरच्या गावात जाऊन संस्थेचे चेअरमन किंवा सचिव कोण, ते विचारा. "दादा, हौसेने गळ टाकायचाय, तुमची काय पद्धत आहे?" असं सरळ बोला. ते जी रक्कम सांगतील ती द्या आणि पावती जरूर मागा. पावतीवर तारीख, जलाशयाचं नाव आणि कोणत्या साधनाने मासे धरणार, हे लिहून घ्या. गळ आणि जाळं यांत संस्थेच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. ठेका कुणाकडे आहे हेच कळत नसेल, तर सहायक आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मुळशीचं धरण टाटांचं, तिथे त्यांची परवानगी हवी. खडकवासल्याच्या एका काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, तिकडे फिरकूच नका. ताम्हिणी आणि भीमाशंकर ही अभयारण्यं. तिथल्या ओढ्यांत मासे कितीही दिसोत, वन विभागाच्या परवानगीवाचून गळ पिशवीतून बाहेर काढायचा नाही.

परदेशी गेलेले आपले नातेवाईक सांगतात, इंग्लंडमध्ये तेरा वर्षांपुढच्या प्रत्येकाला काठीचा परवाना घ्यावा लागतो. खरं आहे. पण तो परवाना घेऊनही पाण्याच्या मालकाची संमती वेगळी लागतेच. तिथे वर्षातले तीन महिने, 15 मार्च ते 15 जून, नद्यांवर अशी हौशी मासेमारी बंद असते. ट्राउट आणि सामन या माशांचे नियम निराळे. हिमाचलातही थंडीत ट्राउट धरायला बंदी असते, कारण तो त्यांचा विणीचा काळ.

आपला विणीचा काळ पावसाळा. मृगाच्या सरी कोसळल्या की मावळातल्या ओढ्यांना चढणीचे मासे येतात, पोटं अंड्यांनी भरलेली. लहानपणापासून अनेकांनी ते धरले, खाल्ले, त्यात गावाची मजा असते, मी ती नाकारत नाही. पण काठी घेऊन हौसेला जाणाऱ्याने तरी जून ते ऑगस्ट गळ गुंडाळून ठेवावा, असं मला फार वाटतं. अंड्यावरची एक मादी म्हणजे हजारो अंडी.

आणि आपला महाशीर, नदीतला तो मोठ्या खवल्यांचा मासा! कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासकाने 1839 साली दख्खनच्या महाशीराचं शास्त्रीय वर्णन केलं, ते आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज शहरातल्या त्या पाण्याची काय दशा आहे, ते तुम्ही जाणताच. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटा पॉवर 1970च्या दशकापासून याच माशाची पैदास करत आली आहे. तिथे मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढतात आणि पिल्लं वाढवून जलाशयांत सोडतात. चुकून असा महाशीर गळाला लागला, तर तो परत सोडा, ही माझी कळकळीची विनंती. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोग लागतो. गळाचा उलटा काटा घरीच पकडीने दाबून सपाट केलेला असेल, तर गळ क्षणात निघतो. मासा पाण्यातच धरून ठेवा, फोटोसाठी वाळूवर आपटू नका.

सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं 1897च्या कायद्यापासून गुन्हा आहे. असं कुणी करताना दिसलं, तर वाद घालत बसू नका, पोलिसांना कळवा.

या शनिवारी निघणार असाल, तर धरणातून विसर्ग चालू आहे का, ते आदल्या दिवशी विचारून घ्या. पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खिशात ठेवा. तुटलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायांत तो अडकतो. गुंडाळून घरी आणा.

नमस्कार.