चिकटते ते नेमके काय?

(टेबलावर सायकलची ट्यूब, कानस आणि सोल्युशनची नळी. निवेदक कॅमेऱ्यासमोर.)

नमस्कार. मागच्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या गाडीचे चाक बसले आणि जवळच्याच एका पंक्चरच्या दुकानात मी अर्धा तास बसून राहिलो. दुकानातल्या मामांनी ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडा शोधला, ती जागा फडक्याने कोरडी केली, कानशीने घासून खरखरीत केली आणि तिथे सोल्युशनचा पातळ थर पसरवला. ठिगळ मात्र त्यांनी लगेच लावले नाही. मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "वल्ल्यावर ठिगळ धरत न्हाई, दादा. जरा वाळू दे." आजचा विषय आसंजनाचा, म्हणजे दोन वेगळे पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवतात त्या क्रियेचा आहे, आणि तिची बहुतेक महत्त्वाची तत्त्वे मामांच्या त्या चार कृतींमध्ये आलेली आहेत.

चिकटपणा हा डिंकाचा अंगचा गुण आहे, असे आपण धरून चालतो. वास्तविक कोणत्याही दोन पदार्थांचे रेणू पुरेसे जवळ आले की त्यांच्यात ओढ निर्माण होते. डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांच्या नावाने ओळखले जाणारे हे आकर्षण सर्वत्र आहे. परंतु अंतर जरासे वाढले तरी ते झपाट्याने कमी होते आणि प्रत्यक्षात नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपासच त्याचा खरा जोर असतो. मग टेबलावर ठेवलेले पुस्तक टेबलाला का चिकटत नाही? कारण ते टेबलाला जवळजवळ टेकलेलेच नसते. जोतिबाचा डोंगर उचलून पन्हाळ्यावर पालथा घातला, तर काही शिखरे शिखरांना टेकतील आणि मधल्या साऱ्या दऱ्या रिकाम्या राहतील; गुळगुळीत दिसणाऱ्या दोन पृष्ठभागांची रेण्वीय पातळीवरची स्थिती तशीच असते.

त्या दऱ्या भरण्यासाठी द्रव लागतो. म्हणून चिकटवणारा पदार्थ लावताना पातळ असावा लागतो आणि नंतर तो घट्ट व्हावा लागतो. या दोन्ही गोष्टी साधल्याशिवाय जोड टिकत नाही. सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळवलेले रबर. द्रावक उडून जाण्याआधी ठिगळ दाबले तर तो आतच कोंडतो आणि थर मऊ राहतो. तो उडून गेला की मागे राहिलेल्या रबराच्या लांबलचक रेणुसाखळ्या ठिगळाच्या साखळ्यांमध्ये शिरून गुंततात. घासण्याचे कारण तर याहून साधे आहे. धूळ आणि तेल यांच्यावर सोल्युशन उत्तम चिकटते, पण धूळ स्वतः ट्यूबला चिकटलेली नसते. सुटलेल्या जोडाचा दोष आपण डिंकाला देतो, आणि माझ्या मते बहुतेक वेळा तो चुकीच्या ठिकाणी जातो.

द्रव पसरेल की नाही, हे मात्र पृष्ठभागावर ठरते. स्वच्छ काचेवर पाणी पसरते, अळूच्या पानावर त्याचा गोल थेंब होतो. कारण पानाशी असलेल्या ओढीपेक्षा पाण्याच्या रेणूंची आपसातली ओढ तिथे वरचढ ठरते. रॉय प्लंकेट यांना 1938 साली अनपेक्षितपणे सापडलेल्या टेफ्लॉनवर तर फारच थोडे पदार्थ पसरतात. मग ते तव्याला कसे चिकटवतात, असा प्रश्न पडणे रास्त आहे. तव्याचा धातू आधी खरखरीत करतात, म्हणजे थराला त्या खाचांमध्ये पकड मिळते.

(दृश्य: फौंड्रीतील वाळू, मुठीत दाबलेला गोळा)

ज्या फौंड्र्यांवर कोल्हापूरचे नाव झाले, त्यांतल्या ओल्या वाळूच्या साच्यांकडे या नजरेने पाहिले पाहिजे. वितळलेले ओतीव लोखंड ज्या साच्यात ओततात, त्याच्या वाळूचे कण एकमेकांना स्वतःहून धरत नाहीत. त्यांच्यावर बेंटोनाइट या मातीचा लेप असतो. या मातीचे पापुद्रे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे असतात आणि थोडे पाणी मिळाले की ते कणाकणांमध्ये पूल बांधतात. पाणी कमी पडले तर साच्याच्या कडा झडतात. जास्त झाले तर तप्त धातूच्या स्पर्शाने वाफ होऊन ओतकामात भोके पडतात. अनुभवी कारागीर मूठभर वाळू दाबतो, गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले का पाहतो, मग गोळा मोडून कडा तपासतो. प्रयोगशाळेतील यंत्र जे आकड्यांत सांगते, त्याचा अंदाज त्याच्या तळहाताला आलेला असतो, आणि त्या ज्ञानाविषयी मला मनापासून आदर आहे.

(दृश्य: भिंतीवर पाल)

पालीकडे कसलाही डिंक नाही. टोके या मोठ्या पालीच्या एका पायावर सुमारे पाच लाख सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाचे टोक शेकडो चपट्या फांद्यांमध्ये विभागलेले असते. एकेका फांदीची रुंदी सुमारे 200 नॅनोमीटर. भिंत कशीही खडबडीत असो, या फांद्या तिच्या दऱ्याखोऱ्यांमध्ये शिरतात, म्हणजे द्रवाचे काम इथे लवचीक केस करतात. केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी 2000 साली एका केसाचे बल मोजले. ते सुमारे 200 मायक्रोन्यूटन भरले. ही पकड पाण्याच्या थरामुळे असावी, अशीही एक शंका होती. परंतु 2002 साली पाणी शोषणाऱ्या आणि पाणी झटकणाऱ्या अशा दोन्ही पृष्ठभागांवर ती सारखीच आढळली, तेव्हा व्हॅन डर वाल्स बलाचे पारडे जड झाले. मला त्याहून विलक्षण वाटते ते सुटणे. केसाचा भिंतीशी असलेला कोन सुमारे 30 अंशांपलीकडे गेला की तो अलगद सुटतो, म्हणून पाल पायाची बोटे टोकाकडून वर वळवत पाऊल उचलते. चिकटपट्टी आडवी ओढली तर हलत नाही, कोपरा धरून सोलली तर सहज निघते, त्याचे कारणही हेच आहे: सोलताना सारा ताण एका बारीक रेषेवर येतो.

चिकटणे आणि सुटणे यांचा असाच मेळ आपल्या शरीरातही चालतो. त्वचेच्या शेजारी शेजारी असलेल्या पेशींना कॅडहेरिन नावाची प्रथिने एकमेकींशी बांधून ठेवतात. त्यांना कॅल्शियम लागते. ते काढून घेतले तर पेशी विलग होतात. काही कर्करोगांमध्ये पेशींवरचे हे प्रथिन नाहीसे होते आणि त्या मूळ जागा सोडून पसरू लागतात, म्हणून आसंजनाचा अभ्यास कर्करोगाच्या संशोधनातही मोलाचा ठरला आहे.

आता कानस घासताना माझ्या बोटाला झालेली ही जखम पाहा. (बोट कॅमेऱ्याजवळ.) खपलीच्या काठावरच्या पेशी शेजारणींची पकड सैल करतात, इंटेग्रिन या दुसऱ्या प्रथिनांनी खालच्या थराला पुढे धरतात आणि मागची पकड सोडतात, आणि असे करत करत दोन्ही काठांवरून खपलीखाली सरकत येतात. मध्यावर त्या एकमेकींना भिडल्या की सरकणे थांबते, कॅडहेरिनचे बंध पुन्हा जुळतात, आणि खाली धरायला काही न उरल्याने खपली आपोआप गळून पडते.