तारामासा नसलेला खडक

नमस्कार बालमित्रांनो. तुमच्या शेजारी बसून ऐकणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांनाही नमस्कार.

पुस्तकात अधिवासाचा धडा एकीकडे असतो आणि अन्नसाखळीचा दुसरीकडे. अधिवास म्हणजे सजीवाला अन्न, पाणी, आसरा आणि वावरायला जागा देणारं ठिकाण. अन्नसाखळी म्हणजे कोण कोणाला खातं त्याची ओळ. व्याख्या तुम्हाला पाठ असतील, म्हणून थेट मुद्द्याकडे येऊ. हे दोन्ही धडे खरं तर एकच आहेत. कोण कोणाला खातं, यावर कोणाला राहायला जागा मिळणार हे ठरतं. पुन्हा ऐका: कोण कोणाला खातं, यावर कोणाला जागा मिळणार हे ठरतं.

यासाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. घडलेली गोष्ट.

साल 1963. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याचा पॅसिफिक किनारा. भरतीला पाण्याखाली जाणारे आणि ओहोटीला उघडे पडणारे खडक. त्या खडकांवर दाटीवाटीनं राहणारे जीव: शैवालं, शैवाल खरवडून खाणाऱ्या गोगलगाई, खडकाला घट्ट चिकटलेली बार्नॅकलं, म्हणजे कवचातले चिमुकले जीव, आणि काळ्या कवचाचे जोडशिंपले, म्हणजे शिनाणे. या सगळ्यांत फिरणारा शिकारी होता तारामासा, जांभळा किंवा नारिंगी. नावात मासा असला तरी तो मासा नव्हे, बरं का. त्याला दात नसतात. तो शिनाण्याला मिठी मारतो, हातांखालच्या शेकडो चिकट नळीपायांनी दोन्ही शिंपा ओढत राहतो आणि बारीकशी फट पडली की स्वतःचं जठर तोंडातून बाहेर काढून त्या फटीत सरकवतो. शिनाणं आपल्याच घरात पचून जातं!

रॉबर्ट पेन नावाच्या शास्त्रज्ञानं तिथला सुमारे 8 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद पट्टा निवडला. त्यातला प्रत्येक तारामासा उचकटून समुद्रात दूर फेकला. नवे आले की तेही फेकले. शेजारचा पट्टा मात्र मुद्दाम जसाच्या तसा ठेवला. हे नीट लक्षात ठेवा. शेजारचा पट्टा नसता, तर बदल तारामासा गेल्यामुळे झाला की हवामानामुळे, हे कळलंच नसतं.

मग काय झालं? आधी बार्नॅकलं पसरली. त्यांच्या मागून शिनाणे वाढले आणि त्यांनी बार्नॅकलांनाही बाजूला रेटलं. शिनाणे शैवाल खात नाहीत, ते पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात. तरीही शैवालं गेली, कारण खडकावर चिकटायला जागाच उरली नाही. शैवालं गेल्यावर त्यांच्यावर जगणारे जीवही गेले. 1966 मध्ये पेननं निकाल छापला. त्या पट्ट्यावर 15 जातींपैकी 8 उरल्या होत्या. शेजारचा पट्टा होता तसाच भरलेला. एक शिकारी काढला आणि बाकीच्या बऱ्याच जातींचा अधिवास गेला. 1969 मध्ये पेननं अशा जीवाला 'कळीची प्रजाती' म्हटलं.

बघा, गोष्टीत सिंह नाही की वाघ नाही. अन्नसाखळीच्या प्रत्येक तक्त्यावर सिंह छापायची सवय आता सोडावी, असं माझं ठाम मत आहे. त्या तक्त्याच्या आधी दर चार मुलांमागे एक भिंग घ्या. चित्रंही छापील चिकटवू नका, पेन्सिलीनं काढा. किड्याचे पाय काढायचे तर आधी ते मोजावे लागतात.

आता तुमचं काम. साडेचार मीटर सुतळी आणि चार खुंट्या घ्या. जमिनीवर 1 मीटर बाजूचा चौरस आखा. सुतळी सैल पडली तर चौरस तिरका होतो, म्हणून दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 1 मीटर 41 सेंटिमीटरच्या आसपास हवेत. असाच दुसरा चौरस उघड्यावर, पहिला झाडाखाली. पहिली पाच मिनिटं गप्प बसा, कारण पावलांच्या हादऱ्यानं जीव लपतात. पुढची पंधरा मिनिटं नोंद करा: कोण दिसलं, पानाखाली की मातीत, पानावर कुरतडल्याच्या खुणा आहेत का.

एक चूक नेहमी होते. गोम आणि वाणी यांत गल्लत. गोमेला शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असते आणि ती शिकारी आहे. तिला हात लावू नका, चावते. वाण्याला बहुतेक खंडांवर दोन जोड्या असतात आणि तो कुजका पाला खातो. साखळीत दोघांच्या जागा वेगळ्या.

दुसरी चूक बाणाची. बाण खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जातो. बाणाच्या जागी 'जातं पोटात' म्हणून बघा. गवत जातं पोटात नाकतोड्याच्या. नाकतोडा जातो पोटात बेडकाच्या. वाक्य बरोबर, तर बाण बरोबर. वाळक्या पानापासूनही साखळी सुरू होते, ती विसरू नका. साखळी चार-पाच कड्यांची झाली की थांबा. प्रत्येक पायरीला साधारण दहावा भागच ऊर्जा पुढे जाते, त्यामुळे लांब साखळ्या टिकत नाहीत.

उलटलेला दगड त्याच बाजूनं परत ठेवा, मग साबणानं हात धुवा. चौरसात काहीच दिसलं नाही, तर तो हलवू नका. वहीत 'काही नाही' लिहा, वेळ आणि ऊन-सावली नोंदवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच चौरस पुन्हा पाहा.