सुई नखावर ओढून बघा

(अंबड, नाशिक इथे शिवणकाम उद्योगातल्या मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी माझी ओळख करून देताना 'गुणवत्ता तज्ज्ञ' म्हणाले, तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मी धागे कापायला लागले होते हो. शर्ट शिवून झाला की लोंबणारे दोरे कटरने कापायचे, दिवसभर, उभ्याने. तिथून चेकिंग, मग लाइन, मग क्वालिटी. सगळं याच सातपूर-अंबडच्या पट्ट्यात.

समोर गणवेश शिवणारे दिसतायत, टी-शर्टवाले आहेत, मागे आयटीआयच्या मुली आहेत. आणि तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी तरी द्राक्षबाग असेल. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

एक्स्पोर्टच्या पॅकहाउसमध्ये बायका काय करतात? घड हातात घेतात, खराब मणी कात्रीने काढतात, घड डब्यात ठेवतात. त्यांचा हात कितीही सराईत असला तरी आंबट घड तिथे गोड होत नाही. साखर भरते ती बागेत. छाटणी कधी केली, विरळणी किती केली, पाणी कधी तोडलं, यावर. हे नाशिकच्या शेतकऱ्याला सांगायला जाल तर तो तुम्हाला बांधावरूनच परत पाठवेल. आणि त्याच घरातला मुलगा शिवणकामाचं युनिट टाकतो, पहिला लॉट परत येतो, तेव्हा तो काय करतो? दोन चेकर वाढवतो. म्हणजे बाग तशीच ठेवून पॅकहाउसला बायका वाढवल्या.

चेकर वाढवून काय होतं ते आत्ताच बघू. फळ्यावर एक ओळ लिहिते. 'नाशिकच्या रविवार कारंज्यावर रामराव रोज रात्री रिक्षाची वाट बघत उभे राहतात.' यात 'र' किती? वीस सेकंद.

हं, सांगा. आठ. दहा. नऊ. अकरा कोण म्हणालं? तुम्ही 'रात्री'मधल्या 'त्री'तला र धरलात. बाकीच्यांनी धरला नाही. उभे र मोजले तर दहा भरतात, 'त्री' धरला तर अकरा. म्हणजे एकाच ओळीत आपल्याकडून दोन चुका झाल्या. काहींच्या नजरेतून र निसटला, ती थकव्याची चूक. आणि 'त्री'तला र हा र आहे की नाही, हे मी आधी सांगितलंच नव्हतं. ती चूक माझी. कारखान्यात या दुसऱ्या चुकीवरून जास्त भांडणं होतात. कॉलरच्या टोकाला एक सूत फरक चालतो की नाही? खिशाची शिलाई एका टाक्याने बाहेर गेली तर? सकाळची चेकर पास करते, दुपारची आल्टरला, म्हणजे उसवून दुरुस्त करायला, टाकते, आणि मशीनवरची ताई म्हणते, 'यांचा मूड बघून शिवायचं का आम्ही?' बरोबर आहे तिचं. टेबलाच्या वर पास झालेला नमुना टांगा, शेजारी नापास झालेलाही टांगा. नापास नमुना बहुतेक कारखान्यांत लपवून ठेवतात. खरं तर शिकवतो तोच.

आता आकड्यांचं थोडं. फुल शर्टाचे तुकडे कापून झाले की तयार होईपर्यंत साधारण तीस-पस्तीस क्रिया होतात. समजा प्रत्येक ताई शंभरात नव्याण्णव वेळा बिनचूक काम करते. मालक खूष होईल. पण 0.99 ला स्वतःनेच 35 वेळा गुणा, उत्तर 0.70 येतं. शंभर शर्टांत तीस शर्टांत कुठे ना कुठे काहीतरी राहिलं. म्हणून 'आमच्या बायका चांगल्या आहेत हो, तरी माल खराब येतो' असं कोणी म्हणालं की मी म्हणते, दोन्ही खरं असू शकतं.

आणि एक्यूएल, म्हणजे नमुना तपासून लॉट पास-नापास करताना किती दोष चालवून घ्यायचे त्याची मर्यादा. गिऱ्हाईक म्हणतं, एक्यूएल 2.5. आपल्याकडे त्याचा अर्थ 'अडीच टक्के खराब चालतं' असा घेतात. 1,200 नगांचा लॉट असेल तर नेहमीच्या तक्त्याप्रमाणे इन्स्पेक्टर 80 नग काढतो. मोठा दोष असलेले पाच नग निघाले तरी पास, सहावा निघाला की नापास. पण लॉटमध्ये खरोखर पाच टक्के खराब माल असेल, म्हणजे साठ नग, तरी तो लॉट पाचपैकी जवळजवळ चार वेळा पास होऊन जातो. गणित मांडून बघा. तेव्हा इन्स्पेक्शन पास झालं म्हणून पेढे वाटू नका.

मी वाटले होते. त्याचीच गोष्ट सांगते.

एका कार्यक्रमासाठी 1,200 टी-शर्टांची ऑर्डर होती. होजिअरीचं कापड, गोल गळा, छापील. ज्या कारखान्यात मी क्वालिटी बघत होते तिथून लॉट निघाला, 80 नग तपासले गेले, किरकोळ दोन निघाले, पास. बारा दिवसांनी फोन आला. पहिल्या धुण्यात खांद्याच्या शिलाईलगत भोकं पडतायत. एक-दोन नव्हे, पिशव्या भरून टी-शर्ट परत.

होजिअरीचं कापड म्हणजे एकात एक अडकलेले फासे. त्यासाठी गोल टोकाची सुई असते. ती धाग्याला बाजूला सारून दोन धाग्यांमधून उतरते. तिचं टोक झिजलं, किंवा खाली पट्टीला घासून त्याला बारीक काटा आला, की ती धागा सारत नाही, तोडते. पण तुटलेला फासा लगेच सुटत नाही. कापडावर फिनिशची कांजी असते, वर इस्त्री बसलेली असते, त्यामुळे तो जागच्या जागी दबून राहतो. चेकरने भिंग लावलं तरी दिसणार नाही. पाण्यात गेला, ताण बसला, की ओघळतो. खांद्यावर ताण जास्त, म्हणून भोक खांद्यावर.

मी ओव्हरलॉकपाशी, म्हणजे कापडाची कड बांधत शिवणाऱ्या मशीनपाशी गेले, सुई काढली आणि अंगठ्याच्या नखावर ओढली. पांढरी रेघ उठली. चांगल्या सुईने उठत नाही. मशीनवरच्या ताईला विचारलं, 'तुम्हाला कळलं नाही का?' त्या शांतपणे म्हणाल्या, 'कळलं होतं ना. दोन दिवस टक-टक आवाज येत होता.'

'मग बदलली का नाही?'

'तुटली नव्हती ना मॅडम.'

मला लगेच समजलंच नाही. मग आठवलं. स्टोअरच्या दारावर पाटी होती: तुटलेली सुई आणा, नवी घेऊन जा. सुईचा तुकडा कपड्यात राहू नये म्हणून हा नियम असतो आणि तो हवाच. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे गोळा करून वहीत चिकटवायचे, एक तुकडा जरी कमी भरला तरी त्या मशीनवरचा माल अडवायचा. पण पाटीचा दुसरा अर्थ असा झाला की नुसती बोथट सुई कोणी बदलून देणार नाही. शिवाय स्टोअर वरच्या मजल्यावर, आणि काम नगावर. जाऊन येईपर्यंत पंधरा-वीस नग बुडाले. कोणती बाई जाईल?

ती पाटी माझ्या अक्षरात होती.

मशीन मिनिटाला चार हजार टाके घालतं. सेकंदाला साठाच्या वर वेळा सुई कापडातून जाते. ती तापते, झिजते. आणि चहाच्या पैशात येणारी ही वस्तू वाचवायला मी त्या ताईला दोन जिने चढायला लावत होते. त्यानंतर सुयांची डबी लाइनवर आली. होजिअरीच्या मशीनला दर पाळीच्या सुरुवातीला नवी सुई. जुनी चांगली दिसत असली तरी. मधल्या वेळात आवाज बदलला तर ताईने स्वतः बदलायची, कोणाला विचारायचं नाही, फक्त जुनी सुई वहीत लावायची.

2010 साली आपल्या द्राक्षांचं युरोपात काय झालं ते बागायतदारांना आठवत असेल. क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला आणि कंटेनर अडकले. इथून माल तपासून गेला होता, पण तपासायच्या यादीत तो पदार्थच नव्हता. माझ्या चेकरच्या यादीत भोकं होती, डाग होते, सुटलेली शिलाई होती. अजून न पडलेलं भोक तिने कुठल्या रकान्यात लिहायचं? ते फक्त मशीनवर बसलेल्या बाईच्या कानाला ऐकू येत होतं.

येवल्याला पैठणीचा विणकर बसलेला पाहिलाय ना? त्याच्याकडे चेकर नसतो. धागा तुटला की हात थांबतो, गाठ मारली जाते, मग पुढचा धोटा. खऱ्या पैठणीचा पदर उलटून बघा, मागूनही जवळपास तसाच दिसतो. जपानात साकिची टोयोडांनी 1924 साली जो स्वयंचलित माग आणला, तो धागा तुटला की आपोआप थांबायचा. नाहीतर माग दहा हात वाईट कापड विणून मोकळा होतो, हे मालेगावकरांना मी काय सांगणार. पुढे त्यांच्या घराण्याने मोटारी काढल्या, तिथेही हाच नियम गेला: चूक दिसली की लाइन थांबवायची, कामगारानेच थांबवायची. इतके लोक जपानला जाऊन हे शिकून येतात. येवला इथून दोन तासांवर आहे.

पण थांबणं महाग वाटतं, आणि थांबणाऱ्याला बोलणी बसतात. आम्ही एकदा रंगीत कार्डांची पद्धत आणली. फिरती चेकर कुठल्याही मशीनवर अचानक जाऊन सात नग बघते. सगळे चांगले तर हिरवं कार्ड, बारीक दोष तर पिवळं, मोठा दोष तर लाल. पद्धत चांगली आहे, जगभर चालते. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात दोन ताया रडल्या आणि तिसरीने चेकर येताना दिसली की खालचे चांगले नग वर ठेवायला सुरुवात केली. का? लाल कार्ड तिच्या डोक्यावर टांगलं जात होतं, नावासकट. मग आम्ही नाव काढलं आणि कार्ड मशीनला लावलं. लाल लागलं की आधी मेकॅनिकने यायचं, दाते, दाब, दोऱ्याचा ताण बघायचा, मग सुपरवायझरने तुकडे नीट कापलेत का बघायचं, बाईकडे सगळ्यात शेवटी यायचं. बहुतेक वेळा तिच्यापर्यंत यायची वेळच आली नाही.

नोंद कशी ठेवायची हे विचारतात. कॉम्प्युटर नको सुरुवातीला. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. फक्त एक रकाना वाढवा, वेळेचा. एका युनिटमध्ये कॉलर लावताना टोकं खालीवर होत होती. नुसता दोष मोजला तेव्हा ताईवर आळ आला. वेळ लिहायला लागलो तर सगळ्या रेघा चारच्या पुढे. जाऊन उभी राहिले. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट तिच्या डोळ्यांवर. ती मान तिरकी करून शिवत होती, कापडही तिरकं ओढलं जात होतं. आम्ही खिडकीला गोणपाट लावलं. मार्गदर्शन वगैरे काही केलं नाही.

कटिंगबद्दल भरभर सांगते, कारण वेळ संपत आलाय आणि चहा गार होईल. होजिअरीचा ताका आला आणि लगेच टेबलावर पसरला असं करू नका. उलगडून एक दिवस मोकळा ठेवा. गुंडाळताना ताणलेलं कापड मागे येतं आणि आकसायचं ते कापायच्या आधी आकसतं. प्रत्येक थराच्या तुकड्याला एकच नंबराचं स्टिकर लावा, नाहीतर बाही एका ताक्याची आणि पाठ दुसऱ्याची, शेड मारतो, रंगाची छटा जुळत नाही. शेड ट्यूबलाइटखाली ठरवू नका. लाइटबॉक्स नसेल तर सकाळी उत्तरेच्या खिडकीपाशी जा. आणि रात्री मशीन बंद करताना प्रेसर फूटखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, एक चिंधी ठेवा. रात्रभर तेल उतरतं ते चिंधीवर उतरू दे. सकाळचे पहिले चार टाकेही चिंधीवरच घाला. तेलाच्या डागांवर पावडर फवारणारी बाई तुम्ही पगारावर ठेवली असेल, तर तिला दुसरं काम शोधावं लागेल.

मागून प्रश्न आलाय, आल्टरचे पैसे कोणी द्यायचे? मला वाटलंच होतं हा येणार. नगावर काम असेल तर खराब नग ताईने फुकट उसवून शिवायचा, हा सगळीकडचा रिवाज. त्याचा परिणाम असा की ती दोष सांगत नाही, बंडलच्या मधोमध घालून पुढे ढकलते. तो पुढे फिनिशिंगला सापडतो, तोवर त्याच्यावर आणखी सहा जणींनी काम केलेलं असतं. आम्ही असं ठरवलं की स्वतःहून हात वर करून सांगितलेल्या नगाच्या आल्टरचे पैसे मिळतील, लपवलेला सापडला तर नाही. पहिल्या महिन्यात आल्टरचा आकडा वाढला आणि मालक माझ्यावर चिडले. मी म्हटलं, दोष वाढलेले नाहीत, दिसायला लागलेत, थांबा. ते थांबले, पण कुरकुरत.

आणि हो, लपवलेला कोणता आणि नजरेतून सुटलेला कोणता, हे ठरवायचं कसं, असं तुम्ही विचाराल. दोन ओव्हरलॉकवाल्या तायांचा तसला एक हिशेब माझ्या वहीत अजून पडून आहे. त्या म्हणतात दिसला नव्हता. मी पैसे दिले. सुपरवायझर अजून माझ्याशी नीट बोलत नाही.